वाटेची परवानगी मिळणेबाबत

परवानगी मागायची सवय मला कॉलेजने लावली. त्याआधी आमच्या घरात कुणी अर्ज लिहिला नव्हता. फॉर्म भरायचा असला की बाबा किराणावाल्याकडे जात, तो भरून देई आणि बाबा दाखवलेल्या जागी सही करत. मी कर्जतच्या कॉलेजात गेले आणि पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की इथे श्वास सोडून बाकी सगळ्याला अर्ज लागतो. वाचनालयात बसायला अर्ज, ओळखपत्र हरवलं तर अर्ज, अर्ज हरवला तर दुसरा अर्ज. मला ते आवडायला लागलं. 'विषय', 'महोदय', 'नम्र विनंती', 'आपली विश्वासू'. दुसऱ्या वर्षापर्यंत माझे अर्ज इतके छान होऊ लागले की मैत्रिणी माझ्याकडून लिहून न्यायच्या. कारकून बाईंनी एकदा म्हटलं, "तुझा अर्ज नाकारवत नाही गं." मला वाटलं, शिक्षण म्हणतात ते हेच असावं.

या सवयीमुळे माझ्या काकूचं शेत जायची वेळ आली, ते सांगायचं आहे. कसं सांगावं हे मला अजून नीट जमत नाही, म्हणून झालं त्या क्रमानेच लिहिते.

आमचं गाव पळसदरीच्या धरणापासून आत, खोपोलीच्या अंगाला आहे. काकूचं शेत गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. काका गेल्यापासून ती एकटीच करते. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. शेतावर जायला एक गाडीवाट आहे. पूर्वी तिच्या दोन्ही बाजूंना शेतं होती. आता एका बाजूला बंगला आहे. मुंबईच्या एका गृहस्थांनी आमच्या शेजाऱ्याची जमीन घेतली, कुंपण घातलं, आत पोहायचा तलाव बांधला आणि वाट त्यांच्या कुंपणाच्या तोंडातून जाते म्हणून दोन्हीकडे खांब उभे केले. खांबांना फाटक नव्हतं. नुसते खांब होते. काकू म्हणायची, "खांबांनी काय व्हतंय, बैल बांधायला बरं." बैल कुणाकडेच राहिले नव्हते, पण ती तसं म्हणायची.

भात कापून झालं होतं त्या सुमाराच्या एका रविवारी काकूच्या शेतात पाचसहा माणसं फिरताना दिसली. पाठीला पिशव्या, हातात फोन, नजर फोनवर आणि पाय बांधावर. एक जण ऐनाच्या झाडाखाली बसून दगड उलटे करत होता. काकू खळ्यावरून ओरडली,

"ए, काय शोधताय रं?"

"कॅश," त्यातला एक जण हसून म्हणाला.

काकूने हातातलं सूप खाली ठेवलं. "माझ्या शेतात? कुणाची?"

"नाही आजी, ती कॅश नाही. डबा असतो."

"डब्यात कॅश?"

मी मध्ये पडले. त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी काकूला. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका साइटवर टाकतं. मग जगभरातली माणसं फोन घेऊन तो डबा शोधायला जातात. डब्यात एक वही असते. त्यात आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा.

"मग मिळतं काय?" काकूने विचारलं.

"काही नाही."

"काय नाय?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चांगल्या घरची दिसत होती. "बरं," ती म्हणाली, "मग शोधा. पण वालाच्या सरीत पाय नका देऊ."

त्यांचा डबा तिथे नव्हताच. फोनने त्यांना अर्धा किलोमीटर चुकवलं होतं. जाताना त्यांनी मला ते अ‍ॅप दाखवलं. मी भूगोलाची विद्यार्थिनी. अक्षांश-रेखांश मी तोवर फक्त परीक्षेत पाहिले होते. ते आपल्या बांधावर येऊन उभे राहतात हे पाहून मला खरोखर गहिवरून आलं. आठवड्याभरात मी पळसदरीला एक आणि भिवपुरीच्या बाजूला एक असे दोन डबे शोधून काढले आणि वहीत सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. मग वाटलं, आपणही एक लपवावा. काकूच्या शेताच्या टोकाला त्याच ऐनाच्या झाडाला गुडघाभर उंचीवर ढोली आहे. मी झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी घेतली, छोटी वही घातली, पेन्सिल घातली, ढोलीत ठेवली आणि साइटवर माहिती भरली.

तीन दिवसांनी साइटच्या तपासनीसाचं इंग्रजी मेल आलं. नवी जागा प्रसिद्ध करण्याआधी हा माणूस ती तपासतो. तो कुठल्या देशात बसायचा ते मला आजही माहीत नाही. माझ्या उत्साहाबद्दल त्याने आभार मानले होते आणि दोन प्रश्न विचारले होते. झाड कुणाच्या जमिनीत आहे? आणि झाडापर्यंत जायची वाट कुणाच्या जमिनीतून जाते? दोन्ही मालकांची परवानगी आहे का?

मी लिहिलं, झाड काकूचं. वाट गावाची.

त्याने लिहिलं, गाव म्हणजे कोण? अधिकृत व्यक्तीचं नाव आणि पद कळवावं.

मी बाबांना विचारलं, "बाबा, आपल्या वाटेचा मालक कोण?"

बाबा कोयत्याला धार लावत होते. "वाटेला कसला मालक गं? जाईल त्याची."

हे मी इंग्रजीत लिहून पाठवलं. तपासनीसाने ते फारच सुंदर असल्याचं कळवलं आणि पुन्हा नाव व पद विचारलं. सोबत उपग्रहाचं चित्र जोडलं होतं. त्यात तलावाचा निळा चौकोन होता आणि त्याला घासून जाणारी आमची वाट, पांढरी, दोऱ्यासारखी. चित्रावर बाण काढून त्याने लिहिलं होतं, ही खाजगी मालमत्ता दिसते. सात दिवसांत परवानगी न मिळाल्यास अर्ज रद्द होईल.

मी तलाठी कार्यालयात गेले.

"नकाशावर वाट नाही," तलाठी म्हणाले.

"पण वाट आहे."

"असेल. नकाशावर नाही."

"मग तिचा मालक कोण?"

"जी वाटच नाही तिचा मालक कसा असेल, बाई?" त्यांनी हे इतक्या सहानुभूतीने सांगितलं की मी आभार मानून बाहेर आले.

या छंदातल्या लोकांचा एक ग्रुप आहे. तिथे मी सल्ला विचारला. दोन दिवस नुसती चर्चा चालली. जमिनीच्या मालकाचा आदर हा या छंदाचा पाया आहे, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की परवानगी लेखी असावी, तोंडी परवानगीला अर्थ नाही. तिसऱ्याने परवानगीच्या पत्राचा नमुनाच टाकला. त्याला खूप जणांनी बदामाची चिन्हं पाठवली. बदाम पाठवणाऱ्यांत तो दगड उलटे करणाराही होता. काकूच्या शेतात शिरताना त्याने कुणाला विचारल्याचं मला आठवत नव्हतं, पण तेव्हा मला ते खटकलं नाही. एवढी शिकलेली माणसं जमिनीविषयी एवढ्या आदराने बोलतात हेच मला मोठं वाटलं. तो आदर फक्त लिहिण्यात असतो हे पुढे कळलं.

शेवटी मी माझं हत्यार काढलं. अर्ज लिहायला बसले. तो अर्ज मला तोंडपाठ आहे. पुढे तो इतक्यांदा मोठ्याने वाचला गेला की विसरायची सोय राहिली नाही.

"विषय: आपल्या मालकीच्या जागेतील रस्त्याने जाण्यायेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आपल्या मालकीच्या जागेतून आम्हास व आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांस जाण्यायेण्यास परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपण परवानगी दिल्यास आम्ही आपले कायम ऋणी राहू."

'आपल्या मालकीच्या' हे शब्द मी दोनदा का घातले? खरं सांगायचं तर वजन येतं म्हणून. 'कायम ऋणी' हेही वजनासाठीच. साइटला झाडाच्या मालकाचीही सही हवी होती, म्हणून तोच कागद घेऊन मी काकूकडे गेले. ती खळ्यावर होती. हात कोंड्याने भरलेले. तिने ते पदराला पुसले.

"काय लिवलंय गं?"

"डब्याचं."

"डब्याला एवढं पान लागतं?"

"फॉर्म असतो तसा."

काकू सही करते. बचत गटाची अध्यक्ष आहे ती. सही करायला ती गटातच शिकली आणि सही करताना तिची मान जरा वर होते. तिने गुडघ्यावर पाटी घेतली, पाटीवर कागद ठेवला आणि एकेक अक्षर कोरावं तसं नाव काढलं. मी घाईत होते. सात दिवसांतला तो सहावा होता.

बंगल्यावर वॉचमन आमच्याच गावचा. त्याने मला आत सोडलं. बंगलेवाल्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, बेटा म्हटलं. अर्ज त्यांनी एकदा वाचला. मग चष्मा लावून पुन्हा वाचला. मग आतून बायकोला बोलावून तिला वाचायला दिला.

"किती सुंदर लिहितेस बेटा. कॉलेजात आहेस? हल्लीच्या मुलांना एवढी समज नसते."

मी लाजले. त्यांनी अर्जाच्या खाली लिहिलं, 'परवानगी दिली. तात्पुरती. केव्हाही रद्द करता येईल.' सही केली, तारीख घातली, मूळ कागद स्वतःकडे ठेवला आणि मला फोनवर फोटो काढू दिला. एवढं नीटनेटकं काम पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. फोटो साइटला पाठवला. तासाभरात माझा डबा प्रसिद्ध झाला. तपासनीसाने लिहिलं, जमिनीचा मान राखल्याबद्दल धन्यवाद.

पुढचे काही रविवार माणसं येत राहिली. एकदा तर तीन गाड्या भरून आली. गाड्या त्यांनी बंगल्याच्या खांबांसमोर लावल्या, डबा दहा मिनिटांत शोधला, मग वाटेवर चटई टाकून नाश्ता केला. एका मुलीने ऐनाला टेकून फोटो काढला आणि त्याखाली लिहिलं की आम्ही मागे फक्त पावलांचे ठसे ठेवतो. पावलांच्या ठशांबरोबर वेफर्सची पाकिटंही होती. ती काकूने उचलली. एकाचे बूट वालाच्या सरीत खोल गेले होते. तेवढे ठसे मात्र खरंच मागे राहिले.

जानेवारीत एका सकाळी काकूचा पॉवर टिलर घेऊन माणूस शेताकडे निघाला आणि खांबांशी थांबला. दोन खांबांमध्ये साखळी होती. साखळीला कुलूप होतं आणि कुलपाजवळ पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'परवानगी रद्द.'

काकू तिथे गेली. वॉचमन खुर्चीवर बसला होता.

"काय रं हे?"

"मला काय इचारतेस काकू. सायबांनी लावलीय."

"उघड."

"चावी नाय माझ्याकडं."

"परवानगी रद्द म्हंजे? कुणाची परवानगी? कुणी मागितली व्हती?"

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच होते. मी टिलरच्या चाकाकडे पाहू लागले. तेव्हा मी नजर चुकवली, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ओढ्याकडून फिरून शेतावर चालत जाता येतं. पण ओढ्यातून टिलर जात नाही, टेंपो जात नाही. आमच्या भागात असं एकेक शेत जाताना मी पाहिलं आहे. आधी वाट जाते, मग दोन पावसाळे माणूस डोक्यावरून ओझी नेतो, मग एक दलाल येतो आणि म्हणतो, नाहीतरी तुम्हाला जमत नाहीच. काकूकडे दलाल साखळी लागल्यावर आठव्या दिवशी आला. बंगल्याला आणखी जागा हवी आहे, असं तो म्हणाला. काकूने त्याला पाणी दिलं आणि वाट दाखवली. वाट म्हणजे ओढ्याची.

मग काकूने तहसील कार्यालयात वाटेसाठी दावा केला. वकील कर्जतचा. दाव्यात एकच म्हणणं होतं, की ही आमची जुनी वहिवाट आहे, ती कुणाला बंद करता येणार नाही. पहिल्या तारखेला तहसीलदार दौऱ्यावर होते. दुसऱ्या तारखेला नायब तहसीलदार बसले आणि बंगलेवाल्यांच्या वकिलाने माझा अर्ज बाहेर काढला.

त्याने तो छान वाचला. 'नम्र विनंती'ला आवाज हळू केला, 'कायम ऋणी'ला थांबला. मला माझ्या लेखनाचा एवढा प्रभावी वाचक परत मिळाला नाही.

नायब तहसीलदारांनी कागद काकूपुढे धरला. "ही सही तुमचीच?"

काकूने पाहिलं आणि तिची मान वर झाली. "माझीच. शेवटचं अक्षर वाकडं आलंय, हात भरलं व्हतं."

"म्हणजे जागा आमच्या अशिलाच्या मालकीची, वाट त्यांच्या परवानगीने वापरली, हे मान्य आहे," तो वकील म्हणाला आणि खाली बसला.

काकूला अर्धं कळलं असावं. ती माझ्याकडे वळली. मी फरशीकडे पाहत होते. बाहेर आल्यावर आमच्या वकिलाने डोक्याला हात लावला. "अहो, वर्षानुवर्षं कुणाला न विचारता चालत आलात, म्हणून ती तुमची वहिवाट. ज्या दिवशी परवानगी मागितली, त्या दिवशी तुम्ही पाहुणे झालात. हे लिहिलं कुणी?"

"मी," मी म्हणाले.

"वकिलाला दाखवायचं होतं."

"साइटला हवं होतं."

"कोण साइट?"

मी सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि चहा प्यायला गेला.

आम्ही रिक्षाने परत निघालो. काकूशेजारी भाजीची रिकामी क्रेट घेतलेली एक बाई होती. पळसदरीचा फाटा आल्यावर तिने विचारलं,

"ऋणी म्हंजे काय गं?"

"उपकार मानणारा."

"आपण? त्यांचं?"

मी हो म्हणाले. ती बाहेर बघत राहिली. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने घरी येऊन भात टाकला आणि मला वाढलं.

त्याच आठवड्यात साइटचं मेल आलं. जमिनीच्या मालकाची तक्रार आल्यामुळे माझा डबा बंद करण्यात आला होता. तपासनीसाने माझ्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. ग्रुपवर हळहळ झाली. खेड्यातल्या लोकांना अजून हा छंद समजत नाही, असं एकाने लिहिलं. त्यावरही बदाम आले. मी त्यांना साखळीबद्दल लिहिलं. काकूच्या शेताबद्दलही लिहिलं, जरा लांबच लिहिलं. त्यावर एकाने विचारलं की साखळीच्या अलीकडे दुसरी एखादी ढोली आहे का. मी ग्रुप सोडला. सोडताना अर्ज करावा लागला नाही.

आमचा वकील एक मार्ग घेऊन आला. "काकूंना वाचता येत नाही, असं आपण म्हणू. कागदात काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं."

"सही येते मला," काकू म्हणाली.

"सही येते हो. वाचता येत नाही ना?"

"ते चारचौघांत कशाला सांगायचं?"

तिचा प्रश्न मला समजला, वकिलाला समजला नाही. गटाच्या बैठकीत इतिवृत्त दुसरी बाई लिहिते. काकू ते समोर धरून थोडा वेळ पाहते आणि मग सही करते. तो थोडा वेळ सगळ्यांनी तिला दिलेला आहे. वाचता येत नाही हे कदाचित सगळ्यांना माहीत असेल. पण कुणी म्हटलेलं नाही. तारखेला मात्र गटातल्या तिघीचौघी साक्षीसाठी येणार होत्या, जुनी वाट आहे हे सांगायला.

मी म्हटलं, "काकू, मी सांगते की मीच फसवलं."

"तू फसवलंस?"

"नाही, पण..."

"मग खोटं कशाला बोलतेस? एका कागदानं भागलं नाय?"

पुढच्या तारखेला साहेबांची खोली भरलेली होती. आधी मला उभं केलं.

"पत्र तुम्ही लिहिलं?" नायब तहसीलदार म्हणाले.

"हो."

"शिक्षण?"

"एसवाय बीए. भूगोल."

"कशासाठी लिहिलं?"

मी डब्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही डबा लपवता."

"हो सर."

"आणि तो कुठे आहे ते सगळ्या जगाला सांगता."

"हो."

"मग लपवता कशाला?"

कारकुनाने विचारलं, "साहेब, डबा लिहू की पेटी?" साहेब म्हणाले, "वस्तू लिहा."

मग त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला, पाठकोरी बाजूही पाहिली. "सही घेण्याआधी त्यांना वाचून दाखवलं होतं?"

मी काकूकडे पाहिलं नाही. "नाही."

"का?"

"घाई होती सर. साइटची मुदत होती."

"एवढं सगळं बरोबर लिहिलंत. विषय आहे, महोदय आहे. साध्या जबाबाखालीसुद्धा आम्ही एक ओळ घालतो, 'मला वाचून दाखवला, बरोबर आहे.' ती तुम्हाला कुणी शिकवली नाही?"

नाही शिकवली. कॉलेजात ती ओळ लागतच नाही. तिथे ज्याचा अर्ज त्यालाच वाचता येतो. मी मान खाली घातली. बंगलेवाल्यांचा वकील उठला. "साहेब, बाई गटाच्या अध्यक्ष आहेत. सही करतात. वाचता येत नाही असं त्यांनी स्वतः कुठेही म्हटलेलं नाही."

गटातल्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकू उठली. पदर सारखा केला.

"सायेब, मला वाचता येत नाय," ती म्हणाली. आवाज मोठा होता, जणू समोरच्या माळावरच्या कुणाला सांगत होती. "सही येते. गटाच्या कागदावर करते ती बी न वाचताच करते, या बायांवर भरवसा हाय म्हणून. पोरीवर बी भरवसा म्हणून केली. ही शिकलेली. आता वाटेचं. मी लगीन करून आले ती त्या वाटेनं. तवा बंगला नव्हता. कुणाला इचारलं नाय. वाट व्हती, आले. आता इचारायचं तर सासऱ्याला इचारा, पन ते बी त्याच वाटेनं गेले, वर."

कुणीतरी हसलं. एक बाई रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. कारकुनाने जबाब लिहिला. साहेब मला म्हणाले, "आता हा तुम्ही वाचून दाखवा. हळू."

मी वाचलं. 'मी अमुक, व्यवसाय शेती, अशिक्षित असून...'

"थांब," काकू म्हणाली. "अशिक्षित नको. वाचता येत नाय असं लिवा. अशिक्षित येगळं."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. त्याने शब्द खोडला, वर दुसरे लिहिले, खोडल्या जागी काकूची छोटी सही घेतली. मी पुढे वाचलं. तिने आणखी दोन ठिकाणी थांबवलं. एकदा 'सदरहू' म्हणजे काय ते विचारायला आणि एकदा मी एक ओळ गाळली म्हणून. मी खरंच गाळली होती. ती माझ्याविषयी होती, 'माझ्या पुतणीने मला कागद वाचून दाखवला नाही.' काकूने ती परत वाचायला लावली. कागद बघितल्याशिवाय तिला कसं कळलं, माहीत नाही. कदाचित कारकून लिहीत असताना ती ओळी मोजत होती.

मग तिने सही केली. मान वर झाली नाही. खाली पण गेली नाही.

त्यानंतर एकदा साहेब स्वतः जागेवर आले, वाट पायी चालले, खांबांचा आणि साखळीचा पंचनामा झाला. बंगलेवाल्यांनी त्यांनाही चहा विचारला. साहेबांनी घेतला नाही. आम्ही त्यातून पुष्कळ अर्थ काढले. वाल वाळून खळ्यावर पडला होता, पोती भरायची होती आणि ओढ्यातून ती कशी न्यायची याचा हिशेब काकू रोज करत होती, तेव्हा हुकूम आला. अंतिम निकाल नव्हे. तो अजून व्हायचा आहे. हा तात्पुरता होता.

काकू मला घेऊन थेट खांबांकडे गेली. टेंपो मागे उभा केला. वॉचमन खुर्चीवरून उठला.

"वाच," काकू म्हणाली.

"इथे?"

"मग कुठं? त्याला बी ऐकू दे."

मी वाचलं. सगळं वाचलं, क्रमांकापासून. वॉचमन मान तिरकी करून ऐकत होता. बंगल्याच्या गच्चीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि आत गेलं. 'तूर्त वादीच्या शेतीच्या वापरासाठी रस्ता खुला ठेवावा व साखळी काढावी.'

"तूर्त म्हंजे?"

"सध्यापुरता."

"म्हंजे किती दिस?"

"लिहिलेलं नाही, काकू."

"नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. मागची बाजूही बघितली. "नाही लिहिलं."

काकू साखळीकडे बघत उभी राहिली. वॉचमन आत जाऊन चावी घेऊन आला. ती याआधी त्याच्याकडे नव्हती. कुलूप गंजलं होतं, त्याला दोनदा जोर लावावा लागला. साखळी खाली पडली. ती तशीच वाटेत राहिली, म्हणून काकूने पायाने बाजूला केली.

"चला रं," ती टेंपोवाल्याला म्हणाली. "तूर्त हाय तवर वाल काढू."